मोत्यांनी वाजायला हवं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि मंडळाची जबाबदारी एकदा अंगावर घेतल्यावर ती खाली ठेवायचं नाव न घेणारे माननीय जयप्रकाश सामंत साहेब, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, बहारीनमध्ये रिफापासून जिदहफ्सपर्यंत आपापल्या ड्युट्या आणि मुलांचे क्लास बाजूला ठेवून आलेल्या माझ्या बहिणींनो आणि बंधूंनो, आणि ज्यांच्यासाठी आज हा हॉल भरला आहे त्या आपल्या सत्कारमूर्ती शुभदाताई केतकर, आपणा सर्वांना नसीमा सरखोतचा सलाम आणि नमस्कार.

माइक हातात देताना आपल्या मयुरेशने मला हळूच सांगितलं, "नसीमाताई, थोडक्यात हं." मयुरेश, बाळा, प्रयत्न करते. पण माझी अडचण समजून घे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी ताईंचं सगळं कौतुक आपसांत वाटून घेतलं. कुणी त्यांची विद्वत्ता घेतली, कुणी बँकेतली शिस्त घेतली, जयप्रकाशभाऊंनी तर त्यांच्या हातची पुरणपोळीसुद्धा सोडली नाही. मग पातेल्याच्या तळाला माझ्यासाठी काय उरलं? उरला तो हेवा. तो इथे आणखी काहीजणींकडे असेल, मी नावं घेत नाही, पण माइकवरून सांगायची तयारी कुणाची दिसत नाही. म्हणून मीच सांगते. मी शुभदाताईंचा हेवा करते. गेली दहा-बारा वर्षं करते आहे, आणि त्या आता पुण्याला चालल्या म्हणून तो कमी होईल असं मला काही वाटत नाही.

हसू नका. ताई, तुम्हीसुद्धा हसू नका, तुम्हाला सगळं माहीत आहे.

नव्या मंडळींसाठी थोडं सांगते. आम्ही दोघी उम्म अल हस्समला एकाच इमारतीत राहतो. माझे मिस्टर हारून मनामात मोत्यांच्या पेढीवर आहेत आणि मी घरी बसून मोती गाठवते. गाठवणं म्हणजे नुसतं ओवणं नव्हे. रेशमात एक मोती घ्यायचा, त्याच्यामागे गाठ मारायची, ती नखाने मोत्यापर्यंत सरकवायची, मग पुढचा मोती. का? तर मोती मोत्याला लागता कामा नये. लागला की घासतो, आणि घासला की त्याचं पाणी उतरतं. माझ्या सासूबाईंनी म्हसळ्याच्या घरात मला हे शिकवलं आणि तेव्हापासून मी दुसरं काही शिकले नाही.

ताई पहिल्यांदा घरी आल्या त्या तुटलेली माळ घेऊन. माझी हुदा तेव्हा शाळेतून येऊन टीव्हीसमोर बसली होती. आता तुम्हा सगळ्यांच्या घरी आहे तेच माझ्या घरी. आपण मराठीत विचारायचं, मुलांनी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं. मी "जेवलीस का?" म्हटलं की "लेटर, अम्मी." ताईंनी तिला विचारलं, "काय गं, काय बघते आहेस?" आणि माझ्या मुलीने, जिने मला कधी अख्खं वाक्य दिलं नाही, तिने मराठीत उत्तर दिलं! तेही चांगलं लांबलचक! मी हातात माळ धरून बघत राहिले. माळ मी गाठवून दिली, आणि ताईंनी जाताना माझी मुलगी नेली. तेव्हा फक्त वरच्या मजल्यावर, चहाला.

मग सुरू झाले ताईंचे शनिवारचे वर्ग. इथे बसलेल्या कितीतरी मुलांना त्यांनी म्युझियममध्ये नेलं आहे. या बेटाला जेव्हा टायलॉस म्हणत, त्या काळच्या थडग्यांतले सोन्याचे कानातले, मणी, काचेच्या कुप्या दाखवल्या आहेत. आणि तिथून थेट रोम! ताईंचं रोमवर फार प्रेम. मी मागच्या बाकावर बसायचे. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मुलगी कुठे जाते ते आईने बघायला नको?

आणि खरं सांगायचं तर मला आवडायला लागलं. हाच तर माझा संताप आहे. एखाद्या बाईचा राग करावा आणि तिचं बोलणं ऐकत राहावंसं वाटावं, याच्याइतका त्रास नाही. ताई सांगायच्या, रोमन माणसाच्या अंगावरचा दागिना त्याच्याआधी बोलायचा. बोटात सोनं आहे की लोखंड, यावरून त्याची पायरी कळायची. सोन्याची अंगठी कुणी घालायची याचे एकेकाळी कायदे होते. लग्न ठरलेल्या मुलीला पूर्वी साधी लोखंडाची अंगठी द्यायचे, टिकाऊ नात्याची खूण म्हणून. खड्यावर चित्र कोरून तो मेणावर दाबला की झाली सही. पाचू इजिप्तहून यायचा, अंबर उत्तरेच्या थंड समुद्रावरून, अकीक आपल्या हिंदुस्थानातून. ज्यांना परवडत नसे ते रंगीत काच घालायचे आणि मान तेवढीच ताठ ठेवायचे. आपल्याकडच्या लग्नांत काय वेगळं असतं?

आणि मोती? मोती या आपल्या समुद्रातून जायचे. रोमच्या बायका मोत्यांसाठी वेड्या होत्या. हे ऐकताना मात्र मला जरा बरं वाटायचं. म्हटलं, चला, एक वस्तू तरी आमच्या खात्यातली आहे.

एकदा ताईंनी नजरेबद्दल सांगितलं. रोमन लोक हेव्याला फार घाबरायचे म्हणे. हेवा करणाऱ्याच्या डोळ्यात विष असतं आणि ते लेकरांना बाधतं, असं त्यांना वाटायचं. म्हणून मुलग्याच्या गळ्यात सोन्याची पोकळ डबी आणि मुलीच्या गळ्यात चंद्रकोर. मी मागे बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, घाबरा, चांगलं घाबरा.

आता मुद्द्याची गोष्ट. महाराष्ट्र दिनाचा तो कार्यक्रम तुम्हाला आठवत असेल. ताईंनी मुलींना रोमन दागिने घालून मंचावर आणलं होतं. त्यातल्या कानातल्यांचं काम माझ्याकडे आलं. ताईंनी पितळेच्या आडव्या दांड्या करून घेतल्या होत्या, प्रत्येक दांडीखाली दोन-दोन मोती लोंबायला हवे होते. हारूननी पेढीवरून रंग गेलेले मोती मागून आणले. मी जीव ओतून काम केलं. त्या माळेनंतर पहिल्यांदाच ताई माझ्याकडून काही घेणार होत्या ना! आणि मी काय केलं? दोन मोती शेजारी शेजारी लोंबणार, म्हणजे आपटणार. म्हणून दोघांच्या मधे रेशमाची बारीक गाठ घालून त्यांना बांधून टाकलं. हललेच नाही पाहिजेत. काय सुबक दिसत होतं ते, माशाल्ला.

रंगीत तालमीला सगळ्या मुली, सगळ्या आया. ताईंनी कानातलं उचललं, कानाशी नेऊन हलवलं आणि म्हणाल्या, "अगं नसीमा, हे वाजत नाही."

मी म्हटलं, "वाजू नये म्हणूनच तर एवढा खटाटोप केलाय."

"पण यांनी वाजायला हवं गं! रोमन बायका मोती एकमेकांवर आपटावेत म्हणूनच घालायच्या. करताळांवरून नाव पडलं होतं त्या कानातल्यांना. बाई दारात यायच्या आधी तिचे मोती आत यायचे. शेजारणीने वळून बघायला नको?"

बघा म्हणजे! इकडे आम्ही मोत्याला ओरखडा जाऊ नये म्हणून डोळे फोडतोय, आणि तिकडे त्या बाया, नुसतं शेजारणीला जळवायला, असले मोती एकमेकांवर बडवून घेत होत्या. मी म्हटलं, "ताई, मोती खराब होतील. मी नाही सोडणार." मी खरंच त्या गाठी सोडल्या नसत्या. पण माझ्या शेजारून एक हात आला, माझ्याच डब्यातली माझीच बारीक कात्री घेतली, आणि माझ्या गाठी कापल्या. एकेक करून, सगळ्या. हुदा होती ती. "अम्मी, मावशींचं बरोबर आहे," म्हणाली.

ताईंचं बरोबर होतं, मला माहीत आहे. कार्यक्रमात आपली स्पृहा ते घालून चालत आली तेव्हा मागच्या रांगेपर्यंत ती टिकटिक ऐकू गेली होती. टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या. पण मला मोत्यांचा आवाज नव्हता येत, मला त्या कात्रीचाच आवाज येत होता. माझ्या मुलीने माझ्या हाताखाली बसून पहिली गाठ मारली होती. ती दुसरीच्या शब्दावर गाठ कापते, हे मला सोसलं नाही. आजही सोसत नाही. जयप्रकाशभाऊ, तुम्ही पाण्याचा ग्लास पुढे करू नका, मी ठीक आहे.

तो कार्यक्रम झाल्यावर हुदाच्या गळ्यात एक पितळी चंद्रकोर आली. तिच्या लहानपणी मी बांधलेला काळ्या दोऱ्यातला ताईत निघाला. मी विचारलं, "ताईत कुठाय गो?" तर म्हणाली, "अम्मी, फंक्शन सेमच आहे." आता हिला काय सांगावं? फंक्शन सेम आहे, पण ते बांधणारीचे हात सेम आहेत का?

तर मंडळी, आपल्याला माहीतच आहे, हुदाला पुण्यात प्रवेश मिळाला. जुन्या वस्तूंचं जतन करायचं शिकणार आहे ती. फुटकं जोडायचं, गंजलेलं साफ करायचं. हॉस्टेल बघायचं चाललं होतं तेवढ्यात ताई म्हणाल्या, "हॉस्टेल कशाला? माझं घर आहे." आणि त्या निवृत्त होऊन ज्या विमानाने चालल्यात त्याच विमानात माझी मुलगी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसणार. तिकिटं दोघींनी मिळून काढली. हारून मला समजावतात, "अगो, पोर शिकाय चाललीय, लढाईवर नाय." मी त्यांना म्हटलं, लढाईवर चालली असती तर परत तरी घरीच आली असती.

मला भीती कसली आहे ते सांगून टाकते, म्हणजे माझा जीव हलका होईल. पुणं काही वाईट नाही. ताईंच्या घरात तिला काही कमी पडणार नाही, हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तेच मला नको आहे. काही कमी पडलं नाही, तर ती मला फोन कशाला करेल? तिला ताप येईल तेव्हा तांदळाची पेज ताई देतील. चांगली देतील. मग ती माझी आठवण कशाने काढणार?

असो. मी भाषण करायला उभी आहे, तक्रार करायला नाही. मंडळाने ताईंना निरोपाची भेट काय द्यावी असा विषय निघाला तेव्हा ठरलं की रोमन पद्धतीचे कानातले द्यायचे, खऱ्या मोत्यांचे, सोन्याच्या दांडीवर, आणि ते नसीमाने करायचे. मी केले. यावेळी मधे गाठ घातलेली नाही. दोन मोती मोकळे सोडलेत. हुदा शेजारी बसली होती, कात्री घेऊन. मी तिला म्हटलं, "ठेव ती खाली. आज कापायला काही नाही." हे करताना माझा हात किती वेळा आपोआप गाठीकडे गेला, ते माझं मला माहीत.

जरा माइक जवळ आणते, कानातलं हलवते. ऐका. येतोय आवाज मागच्या रांगेपर्यंत?

ताई, ही डबी घ्या. उघडा, सगळ्यांसमोर उघडा. आत एकच आहे. कार्यकारिणीच्या सदस्यांनी एकमेकांकडे बघू नये, चोरी झालेली नाही. जोडीतलं दुसरं माझ्या पर्समध्ये आहे आणि तिथेच राहणार आहे. एका कानात घातलं तरी वाजतं, मी घालून बघितलंय. घाला, पुण्यात मिरवा, शेजारणींना जळवा. मात्र हुदाचं शिक्षण संपलं की तुम्ही स्वतः तिला घेऊन बहारीनला यायचं. दुसरं मी माझ्या हाताने तुमच्या कानात घालीन, आणि मग आपला हिशेब खलास. आमच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं की मला आधी तुमचा तो एक कान ऐकू येईल. तुमच्यासाठी मी तेव्हाही दार उघडीन, पण बघीन ती तुमच्या मागे कोण उभं आहे ते.

आणि तिला ते शिकवलंत, जे मला शिकवता आलं नसतं, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. हे वाक्य मी घरी आरशासमोर म्हणून बघितलं होतं, तिथे ते जमत नव्हतं. इथे जमलं.

मला बोलायची संधी देणाऱ्या अध्यक्षांचे, मंडळाचे आणि घड्याळाकडे न बघितल्याबद्दल मयुरेशचे मी आभार मानते. बोलण्याच्या भरात कुणाला काही लागलं असेल, सत्कारमूर्तींच्या मानाला कुठे उणं आलं असेल, तर मी शाळेतलं मराठी शिकलेली बाई नाही, घरातलं बोलते, असं समजून मोठ्या मनाने पोटात घाला.

हुदा, हे काय? पहिल्या रांगेत बसून असं रडतात का? सगळे बघतायत.

नाही, नाही, शुभदाताई, तुम्ही उठू नका. सत्कारमूर्तीने खुर्ची सोडायची नसते. तुम्ही बसा.

मी जाते.