हातशिवण

— नाही नाही, ताई, कात्री नको. ठेवा ती परत पिशवीत. कात्रीने कापलंत तर उद्या तो विम्याचा माणूस म्हणेल, तुम्हीच फाडलंत आणि आतला माल तुम्हीच काढलात. त्यांचं काय, त्यांना नुसतं कारण हवं असतं. आणा इकडे. तुम्ही बसा त्या सीटवर. खुर्चीच आहे ती आता, तिची गाडी कधीच भंगारात गेली. हां. तर हे स्टिअरिंगच्या मधलं झाकण. गॅरेजवाल्याने काढून दिलं आणि सांगितलं, सीटकव्हरवाल्याकडे जा, तो टाके न फाडता उघडून देईल — असंच ना? शहाणा दिसतो. उसवणं शिवण्याइतकंच नाजूक असतं, फक्त त्याचं कौतुक कोणी करत नाही. पण उघडायचं काय ह्यात? हातात घेतल्या घेतल्या कळलं मला. अहो, हलकं आहे हे! खऱ्या एअरबॅगच्या मागे लोखंडी डबा असतो, वजन मनगटाला जाणवतं. हे काय आहे? उशी आहे. बाहुलीच्या डोक्याखाली ठेवायची उशी. शी!

बाबा चालवत होते म्हणालात. एकटेच? नशीब, आई नव्हत्या शेजारी. जबडा मोडला, दोन बरगड्या — आणि आता तोंड तारेने बांधलंय. किती दिवस? सहा आठवडे! म्हणजे सगळं नळीने, पातळ करून. आणि बोलायचं तर कागदावर. काय? ... परत सांगा. — ‘माझंच काही चुकलं का?’ असं लिहितात? रोज? रोज तेच लिहून तुमच्यासमोर धरतात? आता त्यांचं काय चुकणार हो, समोरून आलेला टेम्पो त्यांनी थोडाच बोलावला होता! पण नाही, त्यांच्या डोक्यात भरवून दिलंय ना कोणीतरी. कोणी? गाडी विकली त्यानेच? फोनवर काय म्हणाला — तुम्ही सीट फार पुढे ओढून बसत असाल, तेवढ्या जवळ बसलं की बॅग उघडत नाही? वा! वा रे पठ्ठ्या! सत्तरीच्या माणसाचं तोंड फोडायचं आणि वर त्यालाच बसायला शिकवायचं.

आणि तुम्ही फिरलात सगळीकडे. फिरलातच असणार, त्या फायलीची जाडीच सांगते. कंपनीने काय सांगितलं ते मीच सांगतो. गाडी जुनी आहे, तुम्ही तिसरे मालक, आमची जबाबदारी संपली. खोटं असेल तर सांगा. बॅगा बदलून घ्या म्हणून त्यांनी पत्रं पाठवली असतील तर तीसुद्धा पहिल्या मालकाच्या पत्त्यावर, आणि तो पहिला मालक गेला घर बदलून. पत्र पडलंय कुठल्यातरी जिन्याखाली. पत्र पाठवलं ना, झालं, हात झटकले. विमावाले म्हणाले असतील, धडक कुठल्या कोनातून बसली ते पाहावं लागेल. कोन! ह्यांचा स्वतःचा जबडा मोडला तर कोन मोजत बसतील का? आणि तक्रारीच्या खिडकीवरच्या बाईंनी नंबर दिला असेल. नंबर तेवढा लगेच मिळतो. तक्रार कुठे गेली ते देवाला माहीत, पण नंबर तुमच्या हातात, जपून ठेवा. मला ना, ह्या सगळ्या साळसूद तोंडांची किळस येते. एकाच्याही तोंडावरची माशी हलत नाही.

आणि रागावू नका, पण घेणारेही कमी नाहीत. तुमच्या बाबांना म्हणत नाही मी, सगळ्यांनाच म्हणतोय. जुनी गाडी बघायला येतात, टायरला लाथ मारतात. का मारतात? टायरला काय विचारायचं असतं लाथेने? मग गाणी लावून बघतात. मग नाक आत घालून वास घेतात, लिंबाचा वास आला की खूश. पण चावी फिरवल्यावर समोर लाल दिवा लागतो, बसलेल्या माणसाचं चित्र आणि त्याच्यासमोर गोळा — तो लागला का, लागून दोन-चार सेकंदांनी विझला का, हे हजारात एक बघतो. आणि बघून तरी काय? तारेच्या टोकाला मुगाएवढा एक तुकडा जोडला की गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं बॅग जागेवर आहे. दिवा लागतो, विझतो, सगळं आलबेल. फुटलेली बॅग काढून नवीन टाकायची तर गाडीच्या किमतीचा मोठा घास जातो तिच्यात. मग हे डीलर काय करतात? मूग जोडतात, उशी बसवतात, लिंबाची बाटली लटकवतात आणि हात जोडून हसत उभे राहतात — ‘घरातली गाडी समजा काका.’

हेच म्हणाला होता? अगदी हेच? ... म्हणणारच. सगळ्यांना तेच म्हणतो. — म्हणजे, म्हणतात. हे लोक म्हणतात असं. ... पांढरा सदरा, डाव्या हातात दोन अंगठ्या, बोलता बोलता बॉनेटवर थाप मारतो — हो, ओळखतो. बाजार केवढासा आहे हो. ... आता तुम्ही असं बघायला लागलात तर सांगावंच लागेल. साडू आहे माझा. एकाच घरातल्या दोघी बहिणी केल्यात आम्ही. माझं नशीब, मला मोठी मिळाली. तो आला की मी घराबाहेर पडतो. त्याच्या तोंडचा तो ‘काका’ ऐकवत नाही मला. म्हणून सांगतो, त्याच्याबद्दल मला विचारू नका, माझ्याकडून बरं काही निघायचं नाही. आपण ह्याचं बघू.

हे बघा, सुरुवात कोपऱ्यातून करायची, इथे गाठ दडवलेली असते. ह्या घडीच्या आत — हं, सापडली. फोटो काढताय ना? काढा, प्रत्येक टाक्याचा काढा. घाई नको. आता बघा तरी काम. किळस आपल्या जागी, पण काम बघा! बॅग फुटली की मूळ प्लॅस्टिकच्या चिंध्या होतात. त्या चिंध्या आतून पट्टी लावून जुळवल्यात, वर पातळ रेक्झिन ओढलंय, आणि कडेने हाताने शिवलंय, सगळं हाताने. टाक्याटाक्यातलं अंतर बघा, पट्टी लावून मोजा हवं तर. दोऱ्याला मेण लावलंय म्हणून इतकी वर्षं झाली तरी कुठे तंतू सुटला नाही. मशीनवर हे होत नाही, वळणावर मशीन चुकतं. कंपनीच्या माणसालासुद्धा पटकन कळणार नाही. खऱ्या बॅगवर असं रेक्झिन कोणी चढवतच नाही, ती वेळेला फाटायला हवी ना. पण ते कोणाला ठाऊक? बघणारा म्हणतो, काय छान गुळगुळीत आहे. हं. आता वरचा फोम मऊ आहे, बघा बोट रुतलं. ह्याच्या खाली कडक लागेल, तिसरा पुन्हा मऊ. मधला कडक अशासाठी की अंगठ्याने दाबलं तर खऱ्यासारखं लागावं, आणि हॉर्न तर वाजलाच पाहिजे. — हा निघाला मऊ. हा कडक. आणि हा तिसरा. झालं. बघा, एवढंच. ह्यावर तुमच्या बाबांनी तोंड आपटलं.

... कसं कळलं? तीन थर आहेत ते? अहो, अनुभवाने. तीस वर्षं फोमच कापतोय.

झाले फोटो? मग आता तुम्ही म्हणता तसं, पुन्हा होतं तसंच शिवून देतो. ते बरोबर आहे तुमचं. उद्या विम्याचा सर्व्हेअर गॅरेजला येईल तेव्हा त्याच्यासमोर पुन्हा उघडायचं, त्याच्या डोळ्यांदेखत. सुई तेवढी द्या, ती वाकडी, तुमच्या कोपरापाशी आहे. हां. आता तुम्ही मनात म्हणत असाल, हे असलं शिवणारा कोण असेल, त्याचे हात कसे झडले नाहीत. म्हणा, माझी काही हरकत नाही. पण एक सांगतो, कारागिराकडे वस्तू येते ती अशी सुटी येते, पिशवीतून, तुम्ही आणलीत तशी. फाटलंय, नीट कर. तो नीट करतो. आत पुढे बॅग बसणार की नाही, हे त्याला कोण सांगतं? त्याने विचारलं असेल एकदा. असेल ना विचारलं. समोरच्याने सांगितलं असेल, बॅग मागवलीय, येईल मागाहून, तू तोवर फोम भरून दे, आकार राहू दे. आणि घरातलाच माणूस सांगतोय म्हटल्यावर — म्हणजे, ओळखीचा कोणी असेल. एकदा दिलं भरून. दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिसऱ्यांदा त्या काम देणाऱ्याने दोन स्टिअरिंग समोर ठेवली, एक खरं आणि एक हे, आणि म्हणाला, ओळखून दाखव कुठलं तुझं. आणि ओळखता आलं नाही. त्याचा आनंद झाला हो त्या कारागिराला! घरी जाऊन बायकोला सांगितलं त्याने, हसत हसत. ती चपाती लाटत होती. लाटणं खाली ठेवलं तिने आणि एवढंच म्हणाली, ‘आणि आत काय आहे?’ त्या दिवसापासून बहिणीच्या नवऱ्याच्या गाडीत बसत नाही ती. चालत जाते.

— काय झालं? थांबवताय का? होत आलंय, चार टाके राहिले. ... काय दाखवताय? कुठे? ... शिवण आहे ती. शिवणीसारखी शिवण. ... जुनी कुठे संपली आणि माझी कुठे सुरू झाली? सोपं आहे, एवढा भाग मी न उसवता ठेवला होता, ह्या कडेचा, आणि इथून पुढे — नाही, इथून. थांबा, चष्मा. इथून सुरू केलं मी. ... नाही. ते जुनं आहे वाटतं. दोरा? दोरा दोन्हीकडे मेणाचाच आहे, त्याने काय होतं? झुकतो? टाका कुठे झुकतो? ... ताई, डावखुऱ्या माणसाचा टाका उलटा पडतो, डावीकडे कलतो. कितीतरी लोक असतात डावखुरे. ... ह्या कामात? ह्या बाजारात? ह्या बाजारात नाही दुसरा कोणी. नाही.

द्या इकडे, उसवतो. बोलता बोलता भलतंच शिवलं गेलं, मी मशीनवर मारून देतो, साधी टीप, दोन मिनिटांत. ... द्या ना. असं छातीशी काय धरून बसलात? अहो, मी काही पळवत नाही ते. द्या म्हणतो ना!

... बरं.

बरं, नका देऊ. हो. माझं आहे. तुम्ही पिशवीतून काढलंत तेव्हाच ओळखलं. आपलं पोर गर्दीत पाठमोरं ओळखू येतं ना, तसंच. तरी मघापासून त्या दळभद्र्या साडूला शिव्या घालत बसलोय, नाक मुरडतोय, कंपनीला नावं ठेवतोय — आणि फोम मीच कापलाय. बॅग येईल मागाहून, हे पहिल्या वेळीसुद्धा खरं वाटलं नव्हतं मला. मला सगळ्यांची किळस येते म्हणालो ना? कोणाची येते ते आता कळलं असेल. रस्त्यात गाड्या थांबल्या की मी काचेतून आत बघतो, स्टिअरिंगकडे. लोकांना वाटतं म्हातारा चोर आहे. एकदा एक बाई होती, मांडीवर मूल, आणि पुढ्यात — माझंच. मी काच ठोठावली. ती घाबरून निघून गेली. काय सांगणार होतो मी तिला? ... अशी किती शिवली? ते नको विचारू, पोरी. दुसरं काहीही विचार. ते नको.

लिहून देऊ? नाही. ते जमायचं नाही माझ्याच्याने. लिहून दिलं तर तो बुडेल, बुडू दे मेला, पण हिची बहीण आहे त्या घरात, दोन मुली आहेत. आणि मीही बुडेन, उगीच खोटं कशाला बोलू. भित्रा आहे मी, इतकी वर्षं भित्राच होतो. आणि लिहून कशाला हवंय तुला आता? अर्धी शिवण तेव्हाची, अर्धी आत्ताची, तुझ्यासमोर घातलेली. सर्व्हेअरला डोळे असतील तर पुरे आहे. आणि बाबा पुन्हा कागद समोर धरतील ना, तेव्हा हे धर त्यांच्यासमोर. सांग, तुमचं काही चुकलं नाही.

जा आता. ऊठ. नाही, पैसे नको, दाखवूसुद्धा नको ते मला. ... थांब, दोरा तसाच लोंबतोय, सुई आहे त्याला. निदान तोडू दे तेवढा. ... नाही? हात लावू नको?

बरं. सुईसकट ने.