हौसाबाईचं गाठोडं

बसा मंडळी, बसा! पुढे सरका जरा, मागे आयाबाया उभ्या आहेत. हां... आता झालं. आणि एक हात जोडून विनंती — ते फोन पिशवीत घाला. घाला, घाला! अर्धा तास जगाने तुमची वाट पाहिली तर जग बुडत नाही. आमचे पेटीवाले अण्णासुद्धा बघा, खिशात हात घालून चाचपतायत! हसा, आत्ताच हसून घ्या. आजच्या आख्यानात पुढे हसायला फारशी जागा नाही.

आता माझा प्रश्न ऐका. शेजारणीने विश्वासाने एक गाठोडं तुमच्या हातात दिलं. त्याची गाठ तुम्हीच सोडणार. मग आतून जे निघेल ते कोणाचं? तुमचं, की तिचं?

'तिचं!' — वा! केवढ्या पटकन बोललात! अहो, आमच्या द्वारकाबाईला विचारलं असतं, तर तीही इतक्याच पटकन बोलली असती.

ही द्वारकाबाई कोण? गोधड्या शिवणारी बाई. गावाचं नाव सांगणार नाही, माणसांची नावंही बदललीत. नावं माझी, दुःख त्यांचं. डोंगराच्या पोटातलं गाव, थंडी अशी की दातावर दात! चाळीस वर्षं त्या गावाने द्वारकाबाईच्या हातची गोधडी पांघरली. आणि गोधडी कशाची? नव्या कापडाची नव्हे हो! घरातलं माणूस गेलं की त्याची लुगडी, धोतरं, सदरे एका पटकुरात बांधायचे आणि द्वारकाबाईकडे न्यायचे. महिनाभराने ते माणूस ऊब होऊन घरी परत यायचं.

पण तिच्या सासूने तिला पहिल्याच दिवशी एक रीत घालून दिली होती. गाठोडं सोडायचं ते दार लावून! का? अहो, जुन्या कपड्यांत काय काय निघतं! पाटलिणीच्या पैठणीखाली सतरा ठिकाणी फाटून दंड घातलेलं, जोडून शिवलेलं पातळ निघतं. कडक मास्तरांच्या कोटाच्या खिशात नातवाची गोटी निघते. कोणाच्या उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे डाग निघतात, आणि सगळ्या गावाला सांगितलेलं असतं की बाई सुखाने गेली. सासू म्हणाली, "द्वारके, तू बघितलंस, आता विसर." द्वारकाबाई विसरायची. म्हणून गाव तिच्या दारात निर्धास्त गाठोडं ठेवून जायचं.

मग घरात सून आली. प्रणाली नाव. चांगली हो, गुणी! हिला खलनायिका करू नका, तुम्हाला लगेच सून लागते दोष द्यायला! ती एके दिवशी म्हणाली, "आत्या, तुमचा हात सोन्याचा आहे. चार गावांच्या पलीकडे कोणाला ठाऊक नाही. आपण इन्स्टावर पेज काढू, फेसबुकावर टाकू." तिकडे सासूला आत्या म्हणतात बरं का.

"कुणाला बघायचाय गं माझा धावदोरा?" द्वारकाबाई लाजली.

पण बघितला की! हजारो लोकांनी बघितला! 'द्वारकाईची गोधडी' असं पेज निघालं. सुई वर, सुई खाली, सुरकुतलेली बोटं, खाली बदाम! लाल लाल बदाम! पुण्याहून ऑर्डर, नागपुराहून ऑर्डर, परदेशातून एक बाई म्हणे, आजी, तुमचा आवाज ऐकल्याशिवाय झोप लागत नाही. द्वारकाबाईला आयुष्यात कोणी 'छान शिवलंस' म्हटलं नव्हतं हो. नवरा बिचारा गोधडीत शिरला की घोरायला लागायचा, तेवढंच कौतुक! आता साठीनंतर कोणी 'छान' म्हणतंय, तर तिला गोड वाटलं, यात तिचं काय चुकलं? काहीच नाही. आपला माल चांगला आहे हे चारचौघांत सांगणं पाप नव्हे. आमच्याही कीर्तनाची पत्रकं लागतात, फोटो मात्र वीस वर्षांपूर्वीचा असतो!

पण मंडळी, बदामांची एक खोड आहे. काल जे दाखवलं त्याला आज बदाम कमी पडतात. धावदोरा बघून झाला, रंग बघून झाले. लोक खाली लिहायला लागले — 'आजी, गाठोडं कसं सोडता ते दाखवा ना!'

द्वारकाबाई म्हणाली, "न्हाय. ते दार लावून असतंय."

पुन्हा लिहिलं. पुन्हा न्हाय. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा... आणि त्या महिन्यात बदाम फारच कमी झाले होते.

आता हौसाबाई येतेय, नीट ऐका. हौसाबाई म्हणजे द्वारकाबाईची जिवाभावाची मैत्रीण. एकाच साली दोघी सुना होऊन गावात आल्या, एकाच आडावर पाणी भरलं. हौसाबाईला एकच लेक, कांचन. कांचन वर्षापूर्वी सासरी तापाने गेली. चार दिवसांत गेली! जावई येऊन तिच्या साड्या देऊन गेला. वर्षभर हौसाबाईने त्या ट्रंकेत ठेवल्या, आणि श्राद्ध झाल्यावर गाठोडं बांधून आणलं.

"द्वारके, गोधडी कर. यंदाची थंडी मला लेकीच्या मायेत काढू दे. आन् आत जे हाय ते आतच घाल. दार लावून सोड गं."

"आगं, ते काय सांगाय लागतंय व्हय मला?" द्वारकाबाई म्हणाली. आणि मनापासून म्हणाली! खोटं नव्हतं त्यात काही.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रणालीने फोन लावला. 'आज आजी गाठोडं सोडणार' — लाइव्ह! द्वारकाबाईच्या मनात आलं, आपलीच हौसा, आपलीच कांचन, मांडीवर खेळवलेली पोर. तिच्या साड्याच तर आहेत, त्यात काय झाकायचं? लोक दोन आसवं ढाळतील, पोरीचं नाव निघेल. माणूस स्वतःला कसं समजावतं बघा! दार उघडं होतं. ऊन छान येत होतं ना आत.

गाठ सुटली. "ही आमच्या हौसाची लेक, कांचन. वर्साखाली गेली बिचारी. ही तिची लग्नातली साडी. ही संक्रांतीची..." बदाम वर चढतायत. द्वारकाबाईचा एक डोळा साडीवर, एक डोळा बदामांवर. तिसऱ्या साडीची घडी उलगडली आणि मांडीवर काहीतरी पडलं. इवलंसं. पिवळं. एक बाही शिवलेली, दुसरी नुसतीच टाचलेली, आणि सुई अजून तिथेच अडकलेली.

झबलं!

आणि चाळीस वर्षं जे तोंड मिटलेलं होतं, ते उघडलं — "आगं बया! कांचनला दिवस होतं की काय गं!"

एवढंच वाक्य. हजार माणसांसमोर.

खरंच तिसरा महिना होता. पाच महिने भरल्याशिवाय बोभाटा करायचा नाही, अशी त्यांच्याकडची रीत, म्हणून फक्त आईला ठाऊक होतं आणि जावयाला. लेक गेली तेव्हा तिच्या बापाने, तात्यांनी, स्मशानात असं अंग टाकलं की चौघांनी उचलून आणलं. हौसाबाईने त्याच क्षणी ठरवलं — ह्यांना एकच मरण सांगायचं. दुसरं माझ्या पोटात ठेवायचं. आणि वर्षभर ठेवलं हो! नवऱ्याच्या शेजारी निजून ठेवलं! शेवटी ते गोधडीच्या आतल्या थरात कायमचं शिवून टाकावं, म्हणून विश्वासाच्या हातात दिलं.

तात्या तेव्हा न्हाव्याकडे दाढीला बसले होते. कोणीतरी भल्या मनाने फोन पुढे केला, "तात्या, बघा, तुमच्या कांचनच्या साड्या दावत्यात." तात्यांनी बघितलं. अर्धी दाढी तशीच, गालाला साबण, उठून घरी आले. हौसाबाई चहा गाळत होती. दारातूनच विचारलं —

"हौसा... दोघं गेली व्हय गं?"

गाळणं हातातच राहिलं.

त्या दिवसापासून तात्या पारावर आले नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसायचे. जेव म्हटलं की जेवायचे, उठ म्हटलं की उठायचे.

इकडे द्वारकाबाईने व्हिडिओ काढून टाकायला लावला. पण पाण्यात पडलेला मिठाचा खडा काढता येतो का? लोकांनी तो केव्हाच उतरवून घेतला होता, वर रडकी गाणी लावून पाठवत होते. द्वारकाबाईला अन्न गोड लागेना. तिने काय केलं? खरोखर दार लावून घेतलं आणि ती गोधडी शिवली. झबलं आतल्या थरात घातलं. असा टाका तिने आयुष्यात घातला नव्हता. आठ दिवसांत गोधडी तयार झाली, आणि तिने ठरवलं, ही घेऊन जायचं, हौसाचे पाय धरायचे.

इथे आख्यान संपलं असतं तर बरं झालं असतं हो!

पण तिकडे लोक खाली लिहीत होते — 'आजी, त्या आईची माफी मागा! आम्हाला बघायचंय!' प्रणाली म्हणाली, "आत्या, तुम्ही जाणारच आहात ना? मग मी लांबून फोन धरते. लोकांचाही राग निवळेल."

द्वारकाबाई हो म्हणाली नाही. मी तिच्या बाजूने एवढंच सांगू शकतो. पण मंडळी, ती नाहीसुद्धा म्हणाली नाही.

हौसाबाईच्या अंगणात ती गेली. हौसाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. बघा, अशाही वेळी पाण्याचा तांब्या! द्वारकाबाईने गोधडी पायरीवर ठेवली आणि हौसाबाईच्या पायांवर पडून हंबरडा फोडला. हौसाबाईचा चेहरा हलला. ती वाकली. चाळीस वर्षांचं आडावरचं पाणी होतं ते, असं कसं आटेल? तिने द्वारकाबाईच्या पाठीवर हात ठेवला, आणि तिला उठवून पोटाशी धरणार, तेवढ्यात तिची नजर वर गेली. कुंपणाशी प्रणाली. हातात उभा धरलेला फोन.

पाठीवरचा हात हळूच उचलला गेला.

"द्वारके," ती म्हणाली, "तू आत्ता रडलीस, ते खरं का गं?"

द्वारकाबाईने तोंड उघडलं. पण त्या घडीला तिचं तिलाच समजेना!

हौसाबाईने पायरीवरची गोधडी उचलून तिच्या हातात परत दिली. "ही आता सगळ्या जगानं पांघरली. मला कशी ऊब लागायची हिच्यात?" आणि दार लावलं. आवाज न करता लावलं.

पेज अजून चालू आहे. ऑर्डरी तर वाढल्याच. पण त्या गावातून एकही गाठोडं पुन्हा द्वारकाबाईच्या दारात आलं नाही. गावात माणसं जातात, त्यांचे कपडे ट्रंकांत पडून राहतात. आणि ती पिवळ्या झबल्याची गोधडी द्वारकाबाईच्या फडताळात आहे. पांघरवत नाही, विकवत नाही, टाकवत नाही.

मला हे कोणी सांगितलं? द्वारकाबाईनेच. म्हणाली, बुवा, सांगा लोकांना. मी हौसाबाईकडे परवानगी मागायला गेलो. तिने आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. मग म्हणाली, "सांगा. पण नावं बदला. आन् कुणाला फोनात घिऊ दिऊ नका."

म्हणून सुरुवातीला हात जोडले होते, मंडळी. उगीच नाही जोडले.

आणि ताई, तिसऱ्या ओळीतल्या... हो, तुम्हीच. एका हातातल्या पदराने डोळे पुसताय, आणि दुसरा हात फोन धरून अजून उभाच आहे. मी रागावत नाही. मला फक्त हौसाबाईचा प्रश्न विचारायचाय. तुम्हाला, ह्या सगळ्यांना, आणि हार घालून उंचावर उभा राहून दुसऱ्याचं दुःख सांगणाऱ्या मलासुद्धा — आत्ता डोळ्यांत आलं, ते खरं का हो?

उत्तर मला देऊ नका. घरी न्या.

अण्णा, पेटी थांबवा. आज नामाला साथ नको. टाळी वाजवायला दोन हात लागतात, मंडळी. दोन्ही मोकळे करा... अजून एक राहिलाय. मी थांबतो.