जावकचं रजिस्टर

राज्य नवीन होतं, ऑफिस नवीन होतं, अन् कॉम्प्युटर समजणारा मी एकटाच. एक दिवस जावक पत्रांचा डेटाबेस बिघडला. कोणाचंच कनेक्शन घेईना. दुपारपर्यंत मी त्याले मनवून राहिलो होतो. बॅकअप उघडला, तर तोही खराब.

साहेब म्हणे, "विधानसभेले उत्तर द्यायचं हाये. वर्षभराच्या पत्रांची यादी आजच पाहिजे. नाहीतर उद्या तुमच्या बदलीचं पत्र जाईन."

जावक सांभाळणाऱ्या कुंदाताईंनी ड्रॉवरमधून हातानं लिहिलेलं रजिस्टर काढलं. वर्षभराचं एकही पत्र सुटलं नव्हतं.

मी म्हटलं, "ताई, रजिस्टर बंद करा म्हणून मीच तं आदेश काढला होता."

"हव भैया," त्या पान उलटत म्हणाल्या, "तो पण याच्यात चढवला हाये."