चिंचखारच्या मांडवात धवला न म्हटल्याबाबत

जबाब देणार : ठमाबाई कोम पांडू म्हात्रे, वय अजमासे पंचावन्न, धंदा शेती व लग्नात धवले गाणे, राहणार मौजे चिंचखार, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा. तारीख १२ मे १९३६.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी धवलारीण आहे. आम्हां आगऱ्यांत लग्न धवलारीण लावते. तिने पहिला धवला म्हटल्याशिवाय नवऱ्याच्या अंगाला हळद लागत नाही. भटजी आणला तरी म्हातारी माणसे ते लग्न धरत नाहीत.

गावातील कोंडाजी ठाकूर याने फिर्याद दिली आहे की, मी त्याच्या मुलाचे, सदूचे, लग्न अडवले व त्याला धमकी दिली. फिर्याद खरी आहे. मी लग्न अडवले आणि धमकीही दिली.

कारण विचारल्यावरून सांगते की, माझा मुलगा नामा व रावजी पाटील हे दोघे आमच्या घरी राहून एकच मिठागर करीत. रावजीला आईबाप नव्हते. कोंडाजीला आपली मुलगी नामाला द्यायची होती. नामा नाही म्हणाला. मी समजावून पाहिले, तरी नाही म्हणाला, तेव्हा मी तो विषय सोडला. कोंडाजीने सोडला नाही. त्याने दोघांवर सृष्टिक्रमाविरुद्ध गुन्ह्याची वर्दी दिली आणि कोर्टात शपथेवर सांगितले की, धुळवडीच्या दिवशी मिठागरावरच्या खोपीत दोघांना तसे करताना आपण डोळ्यांनी पाहिले. धुळवडीला दोघेही माझ्याबरोबर माझ्या माहेरी होते. आईची साक्ष धरली गेली नाही.

दोघांना तीन-तीन वर्षे सक्तमजुरी झाली. रावजी तुरुंगातच तापाने वारला. त्याचे सुतक मी पाळले. नात्याचा नसताना का पाळले असे विचारले असता सांगते की, घरातले माणूस गेले म्हणून पाळले.

नामा व रावजी यांचा संबंध कसा होता असे विचारले असता सांगते की, ते मला ठाऊक आहे. कोंडाजीला ठाऊक नाही. त्याने काहीही पाहिलेले नाही.

अपील फेटाळल्यावर अलिबागचे वकील पाध्ये मला म्हणाले, "ठमाबाई, कोंडाजी आपली साक्ष खोटी होती असे कोर्टात शपथेवर कबूल करील तर सरकारकडे नामाच्या सुटकेचा अर्ज करता येईल. पण तो आता कशाला पिंजऱ्यात येतोय?" लग्न अडवण्याचा सल्ला वकिलांनी दिलेला नाही. ती अक्कल माझी.

सदूचे लग्न ठरल्याचे कळताच मी आसपासच्या गावांतील धवलारणींच्या घरी चालत गेले. बायजाबाई आधी तयार होईना. म्हणाली, "लगीन मोरलं त पाप आपले माथी, ठमे." मी म्हटले, "माजं घर मोरलं, त्याचं पाप कोनाचे माथी गेलं?" ती रडली व कबूल झाली. मनुबाई म्हणाली की, चरी गावच्या कुळांनी संप करून नांगर खाली ठेवले तर खोतांचा ताठा उतरला. आपण तोंड मिटून बघू. कोंडाजी सगळ्यांच्या दारी जाऊन आला. कोणी त्याची धवल्याच्या आमंत्रणाची सुपारी घेतली नाही. शेवटी नाक मुठीत धरून तो माझ्याकडे आला. मी सुपारी घेतली.

हळदीच्या दिवशी मी मांडवात जाऊन बसले व गप्प राहिले. वाटीतली हळद सुकत आली. बायका कुजबुजू लागल्या. कोंडाजीने हात जोडले. मी सर्वांसमक्ष म्हटले, "कोर्टान काय सांगलास ते आता देवासमोर सांग. नायतर तुजे घरान धवला व्हनार नाय. याचे लग्नान नाय, याचे पोरांचे लग्नान बी नाय." हीच ती धमकी.

कोंडाजी खाली बसला आणि म्हणाला, "मी काय बी पायलं नाय. माजे पोरीला नाय बोल्ला म्हनून राग आला." मांडव भरलेला होता. सर्वांनी ऐकले. मी म्हटले, आता हेच कोर्टात सांग, मग गाईन; आणि उठून आले. त्याने कोर्टाऐवजी ठाण्याची वाट धरली.

सदूचा यात काय अपराध, असे फौजदारसाहेबांनी विचारले. काही नाही. माझ्या नामाचा काय होता? मला सदूची दया येते. कोंडाजीची येत नाही. रावजी गेल्याचे कळले त्या दिवशी त्याने दारात बसून ताडी प्यायली, ते मी पाहिले आहे. मी, माझ्या डोळ्यांनी.

फौजदारसाहेब सांगतात की, मी धवला म्हणत असेन तर कोंडाजी फिर्याद मागे घेण्यास राजी आहे. मी राजी नाही. त्याला फिर्याद मागे घेऊ देऊ नये. माझ्यावर खटला भरावा. मी आरोपी म्हणून उभी राहीन, म्हणजे कोंडाजीला साक्षीला यावे लागेल, आणि मांडवात तू काय बोललास ते वकील त्याला शपथेवर विचारतील. माझा नामा सुटेपर्यंत मला कोणतीही शिक्षा चालेल.

जबाब मला सावकाश वाचून दाखवला. कारकुनांनी दया करून 'धमकी' च्या जागी 'विनंती' असे लिहिले होते. ते खोडून 'धमकी' घालून घेतले. आता बरोबर आहे.

निशाणी अंगठा, ठमाबाई म्हात्रे