दर्याकडचा गाल

कल्पिता : आये, खराटा ठेव खाली. आत्ताच आलो ना अलिबागहून? डॉक्टर काय म्हणाले? उन्हात जायचं नाही.

कमळ : जवळा परतून होऊ दे. ओली मासळी ती, एका अंगानं वाळली तर दुसऱ्या अंगाला वास सुटंल. पावसाळ्याची बेगमी हाय ती.

कल्पिता : आणि सोमवारी मुंबईला, ऑपरेशनला?

कमळ : हंगाम सरला की बघू.

कल्पिता : बघू-बघू करत दोन वर्षं हळद चोपडलीस गालावरच्या जखमेला. कॅन्सर आहे तो, आये. उन्हानं झालाय. आत किती गेलाय ते कापल्यावरच कळेल.

कमळ : हळू बोल. पलीकडच्या खळ्यावर आवडाबाई मासळी वाळवतेय, ऐकंल.

कल्पिता : ऐकू दे, तीही उन्हातच बसते. मी दिवसभर मेडिकलच्या काउंटरवर समुद्रावर आलेल्या बायांना सांगते, क्रीम लावा, मान विसरू नका, घाम आला की पुन्हा लावा. आणि माझी आई! मागच्या उन्हाळ्यात ट्यूब आणली होती ना तुला?

कमळ : लावली व्हती. जवळ्याला वास लागला. गिऱ्हाइकानं नाकाशी धरला नि पाटीत परत टाकला.

कल्पिता : मग टोपी घालायची. भर दुपारी घरात बसायचं.

कमळ : भर दुपारीच तर वाळतो तो! सावलीत कुणी जवळा वाळवलाय?

कल्पिता : निदान पदर तरी घ्यायचास तोंडावर.

कमळ : पदर तुझ्या अंगावर असायचा.

कल्पिता : माझ्या?

कमळ : तान्ही व्हतीस. तिथं, खळ्याच्या कडंला निजवायची तुला. झाड न्हाय, छप्पर न्हाय. दुपार कलली की ऊन दर्याकडनं येतं. मी डावा गाल दर्याकडं करून बसायची, म्हंजे माझी सावली तुझ्यावर.

कल्पिता : डॉक्टरांनी विचारलं, डावाच गाल एवढा का जळलाय. तू म्हणालीस, माहीत नाही.

कमळ : त्यांना काय सांगायचं? तू शाळंत गेलीस, कामाला लागलीस. माझी बसायची खोड तशीच राहिली. रडू नको गो. तुझा गाल बघ कसा हाय. मना बरं वाटतं बघून.

कल्पिता : मला नाही वाटत. मला भीती वाटते, आये.

कमळ : ...कापल्यावर तोंड वाकडं दिसंल?

कल्पिता : व्रण राहील. पण तू राहशील.

कमळ : बरं. येते सोमवारी. पण एवढी कड परतू दे. मेहनत वाया जाईल.

(कल्पिता उठून तिच्या डाव्या अंगाला, दर्याच्या बाजूला उभी राहते.)

कमळ : तिथं कुठं उभी राहिलीस? सरक, काळी पडशील.

कल्पिता : मी क्रीम लावलंय, आये. तू जवळा आवर.