फुकटातले तीन दलाल

अध्यक्षस्थानी बसलेल्या मुख्याध्यापिका सुषमाताई, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते आपल्या विद्यालयाचे मराठीचे बन्सी गुरुजी, त्यांच्या शेजारी नारळ सांभाळत बसलेल्या वहिनी, व्यासपीठावरचे सगळे मान्यवर, समोर बसलेले पालक, आन् मागं जेवणाच्या वासाकडं तोंड करून बसलेली पोरं, सगळ्यांना केंदूरच्या आक्काबाईचा सप्रेम जय भीम.

एवढं एकच वाक्य लांब हाय. ते सुषमाताईंनी सांगितलं तसं लिहिलं. इथून पुढचं माझं हाय.

माझ्या आधी बोलणाऱ्यांनी गुरुजींना दीपस्तंभ म्हणलं. वटवृक्ष म्हणलं. ज्ञानाचा झरा पण म्हणलं. एवढं सगळं एका माणसात मावत न्हाई. याच गुरुजींनी माझ्या नातीला चोर ठरवलं होतं. ते मात्र कुणी सांगितलं न्हाई. म्हणून मला उठावं लागलं.

नात म्हंजी यशोधरा. मागच्या साली अकरावीला होती. शिरूरला तालुक्याची निबंध स्पर्धा होती. शाळेतून एकच निबंध जायचा. यशूनं आमच्या शेळ्यांवर लिहिलं. ते असं होतं. आमच्याकडे पाच शेळ्या आहेत. एक लंगडी आहे. ती सगळ्यात पुढे चालते. बाकीच्या तिच्या मागे जातात. तिला घाई नसते.

गुरुजींना संशय आला. हल्ली पोरं मोबाईलला विषय सांगतात आन् मोबाईल निबंध लिहून देतो. गुरुजींकडं त्याआधी सोळा निबंध आले होते. सोळाच्या सोळा 'आजच्या धावपळीच्या युगात' इथून सुरू होत होते. म्हंजी संशय घ्यायचं कारण होतं, हे मी मानते. यशूच्या निबंधात एक शब्द जादा न्हाई, एक खाडाखोड न्हाई. मग तिच्यावर तर जास्तच संशय.

गुरुजी कॉम्प्युटरच्या इरशाद सरांना म्हणले, मशीननं लिहिलेलं ओळखणारं काहीतरी शोधा. भरवशाचं शोधा आन् फुकटातलं शोधा. या दोन गोष्टी एका जागी कवा मिळाल्यात का? पण इरशाद सर भला माणूस. त्यांनी तीन शोधले. पहिला म्हणला, एक्याण्णव टक्के मशीन. दुसरा म्हणला, सात टक्के. तिसऱ्याला मराठीच येईना. मग सरांनी निबंध मशीनकडूनच इंग्रजी करून घेतला आन् त्याला दिला. तो म्हणला, शंभर टक्के मशीन. आता त्याचं काय चुकलं, सांगा.

गुरुजींनी पहिल्याचं खरं धरलं. का? तर त्यांच्या मनात होतं तेच तो बोलला. निबंध बाजूला पडला आन् घरी चिठ्ठी आली. माझा लेक सतीश सणसवाडीला कंपनीत हाय. त्यानं चिठ्ठी वाचली. म्हणला, "आई, फसवायचंच शिकायचं तर बारावी कशाला? सुपरवायझरला सांगून पॅकिंगला लावतो तिला." पोरगी जेवली न्हाई. रडली पण न्हाई. माझीच हाय ती.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन शाळेत आले. म्हणलं, "गुरुजी, शिरूरच्या बाजारात एका शेळीचं वय तीन दलाल तीन सांगतात. मग मी काय करते?"

"काय करता, आक्का?"

"तोंड उघडून दात बघते."

"पोरीचे दात कसे बघू?"

"कोरा कागद द्या. समोर बसवा. तिचा मोबाईल माझ्या पिशवीत हाय."

गुरुजींनी कागद दिला. विषय पण तिथंच दिला, आमची शाळा. यशूनं लिहिलं. आमच्या शाळेला दोन फाटके आहेत. एक कायम बंद असते. मुले त्यावरूनच येतात. इरशाद सरांनी ते टाइप करून पहिल्या दलालाला दिलं. चौऱ्याण्णव टक्के मशीन.

पोरगी डोळ्यासमोर लिहितीय आन् तो म्हणतोय मशीन. मग इरशाद सर हळूच म्हणले, "गुरुजी, तुमचं काही टाकून बघू का?" फळ्यावर गुरुजींच्या हातची सूचना होती. उद्या शाळा सकाळी भरेल. डबा आणावा. उशीर करू नये. तेच टाकलं.

शहाण्णव.

गुरुजी खुर्चीत बसले. म्हणले, "यशोधरा, असं लिहायला तुला कुणी शिकवलं?"

"आजीनं."

"आणि आक्का, तुम्हाला?"

मी म्हणलं, "विसरलात व्हय?"

साक्षरतेचे वर्ग निघाले होते तवाची गोष्ट. गुरुजी पंचविशीतले, नवे नवे लागलेले. समाजमंदिरात आम्ही बारा बाया पाटी घेऊन बसायचो. गुरुजी सांगायचे, एका वाक्यात एकच गोष्ट. सांगून झाली की टिंब. टिंब दिल्यावर मागं वळून बघायचं न्हाई. मला तेवढंच येतं. यशूची आई पण कंपनीत. शेळ्यांमागं हिंडता हिंडता मी यशूला तेच शिकवलं.

म्हंजी त्या फुकटातल्या दलालानं माणूस बरोबर पकडला होता. फक्त ती यशू नव्हती.

मग गुरुजी तो शेळ्यांचा निबंध घेऊन स्वतः शिरूरला निघाले. पण वाकडी वाट करून आधी सणसवाडीला उतरले. कंपनीच्या गेटवर सतीशला बोलावून घेतलं. शिफ्ट सुटलेल्या सगळ्या कामगारांसमोर म्हणले, "चूक माझी झाली. पोरीची न्हाई." मास्तर माणूस असं म्हणलेला मी जन्मात ऐकला न्हाई. पॅकिंगचं नाव सतीशनं परत काढलं न्हाई.

यशू तिसरी आली. पहिल्या दोघांचे निबंध कुणी लिहिले, ते मी विचारलं न्हाई. आता ती बारावीला हाय. त्या खांबापाशी बसून मी कागद सोडून बोलते का ते बघतीय.

गुरुजी आता केडगावला घरी चाललेत. वहिनी, जपून राहा. ते घरात पण सूचना लिहितील.

हे भाषण मी माझ्या हातानं लिहिलं. काल इरशाद सरांनी ते पहिल्या दलालाला दाखवलं. एक्याण्णव टक्के मशीन, नऊ टक्के माणूस. ते नऊ टक्के माझे. वाकडं बोलणं सगळं त्यातच हाय. बाकीचे एक्याण्णव गुरुजींचे. शाल तुम्हाला सगळ्यांनीच दिली गुरुजी, हे माझ्याकडून.

सुषमाताईंनी मला उभं केलं, तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलं, मी आभारी हाय. बोलण्यात काही कमीजास्त झालं असंल तर पोटात घाला. न्हाईच जमलं तर मशीनच्या नावावर टाका.

सांगून झालं. टिंब.