आधी दार, मग फ्रिज

सन्माननीय अध्यक्ष नगरसेवक चिबाले साहेब, व्यासपीठावर बसलेले पाद्रीबाबा आणि शाळेच्या मुख्याध्यापिका, यार्डातले माझे सोबती, लुआन्श्या गावातल्या गल्ल्यागल्ल्यांतून आलेल्या माताभगिनींनो, आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या आपल्या यार्डाच्या प्रमुख श्रीमती एस्नाथ कापेसो, म्हणजे थोरल्या मुलाच्या नावाने आपल्या सगळ्यांच्या बाना लोम्बे. सर्वांना माझा नमस्कार.

मला बोलायची सवय नाही. चौदा वर्षं मी यार्डात स्क्रू काढतो. बोलायचं काम बाना लोम्बेच करतात, आणि ते किती मोठ्याने करतात हे पाद्रीबाबांना चर्चमध्ये बसूनही ऐकू येतं.

आपलं यार्ड काय आहे, हे तुम्हाला सांगायला नको. जे कचरापेटीत मावत नाही, जाळलं तर धूर छातीत बसतो, पुरलं तर विहिरीत उतरतं, ते सगळं तिथे येतं. मोटारीच्या बॅटऱ्या, उरलेला रंग, नळीचे दिवे, वारलेल्या माणसाची गादी. गादी घेताना बाना लोम्बे आधी घरच्यांशी घटकाभर बसायच्या. आम्ही गाडीत वैतागायचो. मग एकदा त्या म्हणाल्या, "अरे, गादी उचलायला दोन माणसं पुरतात. सोडायला अख्खं घर लागतं."

फ्रिजची गोष्ट वेगळी. आपल्याकडे बंद पडलेला फ्रिज कोण टाकतं? खाणीतले साहेब लोक गेले, त्यांचे जुने जाडजूड फ्रिज आपण घेतले. मोटर गेली तरी तो घरात उभाच. त्यात मक्याचं पीठ राहतं, उंदीर लागत नाहीत. पाहुण्यालाही तो दिसतो. खरं की नाही?

असा फ्रिज न्यायला गेलं की बाना लोम्बेंचा नियम होता. फ्रिजच्या दारावर तीन टकटक. थांबायचं. उघडून हात घालून आत बघायचं. मग तिथेच, त्या घराच्या अंगणात, दार काढायचं. गॅस आणि तेल नंतर यार्डात. मिकोम्फ्वे गल्लीतल्या एका बाईने विचारलं होतं, "काय हो बाना लोम्बे, आत कोणी भाडेकरू आहे का?" त्या म्हणाल्या, "असला तर आधी बाहेर येऊ दे, मग तुझी थट्टा ऐकू." तिच्या फ्रिजमध्ये मांजरीची चार पिल्लं निघाली. पुढे वर्षभर ती बाई रस्त्यात तोंड चुकवायची.

हा नियम कुठून आला, हे नव्या मुलांना माहीत नाही. जुन्यांना माहीत आहे, पण माझ्यासमोर कोणी बोलत नाही. आज मीच सांगतो.

मला बाशी न्कांडू म्हणतात. न्कांडूचा बाप. न्कांडू सहा वर्षांची होती.

आमचा फ्रिज मागच्या ओसरीत होता. पिठाचं पोतं मावावं म्हणून मी आतल्या फळ्या काढल्या होत्या. दाराची खिट्टी सैल झाली होती, ती मीच दुरुस्त केली. दार लावलं की खट्ट असा पक्का आवाज यायचा. शेजाऱ्यांना मी तो ऐकवायचो. आतून ती खिट्टी उघडत नाही, हा विचार मला शिवलाही नाही. आत पीठ असतं, पीठ कशाला उघडेल?

त्या रविवारी पोतं रिकामं होतं. चर्चहून आल्यावर मुलं लपाछपी खेळत होती. आम्ही तिला ओढ्यावर शोधलं, बाजारात शोधलं, मावशीकडे माणूस पाठवला. त्या दुपारी मी दोनदा त्याच फ्रिजला टेकून घाम पुसला. आतून काही आवाज आला होता का? मला आठवत नाही. नसेल आला. आला असेल. चौदा वर्षं मी तेवढंच ऐकतो.

घरात अजून शोकाला आलेल्या बायका जमिनीवर बसून होत्या, तेव्हा बाना लोम्बे आल्या. म्हणाल्या, "बाशी न्कांडू, तो फ्रिज मला द्या." मी नाही म्हटलं.

"मग नुसतं दार द्या."

तेही नाही. ती ज्यात शेवटची होती ते कोणी वितळवावं, हे मला सोसणार नव्हतं.

  मग म्हणाल्या, "ठीक. तुमचं राहू द्या. सोमवारपासून यार्डात या. इतरांची काढा."

मी गेलो. गावात किती दारं काढली, मोजली नाहीत. माझं तेवढं राहिलं. माझी बायको ओसरी झाडते ती त्याच्यापाशी येऊन थांबते. आमच्या घरात त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही, आणि दुसऱ्या कशाबद्दलही फारसं बोलत नाही.

गेल्या आठवड्यात बाना लोम्बे पुन्हा घरी आल्या. "शुक्रवारी माझा शेवटचा दिवस. तुमचं दार मी काढू, की नव्या साहेबाला पाठवू?"

 आतून बायको म्हणाली, "नव्या साहेबाला मी उंबरा ओलांडू देणार नाही. तुम्हीच या. आणि यांना स्क्रूला हात लावू देऊ नका. यांनी एकदा दुरुस्त केलंय तेवढं पुरे."

चौदा वर्षांत ती त्यावर बोलली ते एवढंच. मी हो म्हटलं.

बाना लोम्बे, तुमच्या नियमामुळे या गावात एकही मूल पुन्हा तसं गेलं नाही. तुमचे आभार मानायला मला उभं केलं, त्याबद्दल अध्यक्षांचे, ज्यांनी खुर्च्या लावल्या त्यांचे, आणि चहा करणाऱ्या भगिनींचे आभार.

बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. भाषण लांबलं, हे मला कळतंय. बाहेर गाडी सुरू करून ठेवली आहे, बाना लोम्बेंची पर्स त्यांच्या मांडीवर आहे, आणि इथून आम्ही थेट माझ्या घरी जाणार आहोत. म्हणून मीच लांबवत होतो.

आता बसतो. नाही. आता निघतो.